'अलाय'ला मराठीत काय म्हणावं?

लेखणी
भाषांतरात अडलंय. मजकुरात तुर्कस्तान अमेरिकेचा 'अलाय' (ally) आणि भारत 'पार्टनर', असं एकाच परिच्छेदात आहे. दोन्हीकडे 'मित्रराष्ट्र' घातलं तर पुढचा मुद्दाच कोसळतो. दोघांनीही रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली. तुर्कस्तानला ती २०१९ मध्ये मिळू लागताच अमेरिकेने त्याला एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून काढलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या संरक्षण खरेदी विभागावर निर्बंध घातले. भारताने २०१८ मध्ये करार केला, यंत्रणा आली, निर्बंध आले नाहीत. 'अलाय'ला 'युती'वरून काही करता येईल का?

काठावरचा
युती नको. युती म्हटलं की वाचकाला जागावाटप आठवतं. शिवाय युतीतल्या एकाला काय म्हणणार? 'घटक पक्ष' म्हणतो तसं 'घटक राष्ट्र'? ते संघराज्यातलं वाटतं. दुसऱ्या महायुद्धासाठी 'दोस्त राष्ट्रे' रुळलंय, पण ते त्या युद्धालाच चिकटलंय. 'तुर्कस्तान हे दोस्त राष्ट्र' वाचून माणूस गोंधळेल.

तत्सम
'संधी' हा आपलाच शब्द आहे. संधी म्हणजे तह, विग्रह म्हणजे युद्ध, ही जोडी सर्वांना माहीत असते. तोच वापरावा, फारसी 'दोस्त' कशाला?

काठावरचा
'दोन देशांत संधी झाली' असं छापा आणि किती जणांना कळतं ते बघा. मराठीत संधी साधतात, दवडतात, हुकते. करार या अर्थाने तो हिंदीत जिवंत आहे, आपल्याकडे नाही. आणि 'दोस्त' काढायचा तर 'करार'ही अरबी म्हणून काढावा लागेल, मग लिहिणार काय?

कलमवाचक
शब्दाआधी कराराची कलमं बघा. 'अलाय' म्हणजे ज्याच्यावर बंधन आहे तो. तुर्कस्तान आणि अमेरिका ज्यात आहेत त्या नाटो कराराचं कलम ५ सांगतं की एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानायचा. त्याच कलमात प्रत्येकाने 'आपल्याला आवश्यक वाटेल ती' कृती करायची असंही आहे, म्हणजे सैन्य पाठवलंच पाहिजे असं नाही. तरी बंधन ते बंधन.

आता ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार घ्या, मुदत २० वर्षं. त्याच्या नावात मैत्री आहे. कलम ८ नुसार एकमेकांविरुद्धच्या लष्करी गटात जायचं नाही. कलम ९ नुसार एकाशी लढणाऱ्या तिसऱ्याला दुसऱ्याने मदत करायची नाही, आणि हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला तर लगेच विचारविनिमय करायचा. संरक्षणाची हमी कुठेच नाही, उलट कलम ४ मध्ये भारताच्या अलिप्ततेचा आदर आहे. त्यामुळे तिथे 'मैत्री करार', नाटोला 'लष्करी करार', आणि 'अलाय'ला 'करारबद्ध राष्ट्र' असं माझं मत. जड आहे, पण चुकत नाही.

ऋचा
पण 'मित्र' या शब्दात करार आहेच! पारशांच्या अवेस्ता ग्रंथातल्या 'मिथ्र'चा अर्थच करार, आणि वेदातला मित्र वरुणाच्या जोडीने दिलेला शब्द सांभाळणारा देव. 'मित्रराष्ट्र'ला मवाळ समजू नका.

काठावरचा
ती व्युत्पत्ती वाचकाच्या कानात नाही. तो सौहार्द ऐकतो. इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची करारबद्ध होती. ऑगस्ट १९१४ मध्ये ती तटस्थ राहिली, कारण करार बचावापुरता होता आणि तिच्या मते हल्ला ऑस्ट्रियानेच केला होता. १९१५ मध्ये ती विरुद्ध बाजूने युद्धात उतरली. मित्राने मित्राला सोडलं असं लिहिलं तर हे कलमाचं राजकारण दिसतच नाही.

बखरकर
यात एक जुना मराठी शब्द राहिला : तैनाती फौज. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला ईस्ट इंडिया कंपनीची फौज मिळाली, तिच्या खर्चासाठी मुलूख द्यावा लागला, आणि कंपनीशी सल्लामसलत केल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत हेही मान्य करावं लागलं. हे शेवटचं कलम सगळ्यात महाग. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी हा तह मानला नाही, १८०३ मध्ये युद्ध झालं. तिसऱ्याशी बोलायचं तर आधी कोणाला विचारावं लागतं, ही माझ्या मते खरी कसोटी.

तत्सम
त्याला कौटिल्याचा शब्द आहे : संश्रय. परराष्ट्र धोरणाच्या त्याच्या सहा गुणांपैकी एक, बलवानाच्या आश्रयाला जाणं. बरोबरीच्या करारापेक्षा हा वेगळा, म्हणूनच हवा.

कलमवाचक
संश्रय म्हटलं तरी आश्रयदात्याच्या अटी वाचाव्याच लागतात. पाकिस्तान १९५४ मध्ये सीटो या अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या लष्करी करारात गेला तो भारताकडे डोळा ठेवून. अमेरिकेने मात्र त्याच करारात नोंद करून ठेवली की आपली बांधिलकी कम्युनिस्ट आक्रमणापुरतीच. १९६५ च्या युद्धात सीटो कामी आली नाही. उलट किंमत लगेच मोजावी लागली : डिसेंबर १९५५ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी श्रीनगरला जाऊन काश्मीर भारताचा भाग असल्याचं जाहीर केलं.

ऋचा
म्हणजे 'संश्रय'ही नाही, कारण आश्रय मिळालाच नाही.

तत्सम
मिळाला नाही म्हणून मागितला नव्हता असं होत नाही. संश्रय हे जाणाऱ्याचं धोरण आहे, देणाऱ्याचं नव्हे. पेशावरजवळचा तळ अमेरिकेला दिला होता तो कशासाठी?