वसाहतकालीन अमेरिकन वृत्तपत्रांतील राजकीय पद्यसंवाद : कायद्यापासून आडोसा की आणखी काही?

जुनीपाने यांचा प्रश्न :

अठराव्या शतकातील अमेरिकन वसाहतींची वृत्तपत्रे चाळताना एक गोष्ट सारखी नजरेत भरते. गव्हर्नरचा कारभार, कागदी चलन, चहावरील कर अशा अगदी रोखठोक राजकीय विषयांवर तिथे लेखांच्या जोडीने कविताही छापल्या जात आणि त्यांपैकी काही सरळ संवादाच्या रूपात असत. दोन पात्रे बोलतात, एकमेकांना टोमणे मारतात आणि बोलता बोलता एखाद्या बड्या अधिकाऱ्याची अब्रू वेशीवर टांगतात.

माझी समजूत अशी आहे की हा प्रकार कायद्याच्या भीतीतून आला असावा. राजद्रोहात्मक बदनामीच्या खटल्यात छापलेला मजकूर खरा आहे हा बचाव त्या काळी मान्य होत नसे. उलट मजकूर जितका खरा तितकी बदनामी मोठी, असे इंग्रजी कायद्याचे जाणकार मानत. अशा वेळी ‘हे माझे मत नव्हे, कवितेतील पात्र तसे बोलते’ असे म्हणून लेखकाला आणि मुद्रकाला अंग काढून घेता येत असेल का? दुसरा प्रश्न साधा आहे. बहुतेक वृत्तपत्रे आठवड्यातून एकदा आणि चारच पानांची निघत. एवढ्याशा जागेत मुद्रक पद्याला थारा का देत असत?

खिळेजुळारी :

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कमधील 1734 सालच्या घटनांतून बरेचसे मिळते आणि ते आपल्या समजुतीला फारसे अनुकूल नाही. गव्हर्नर विल्यम कॉस्बी यांच्या विरोधातील गटाने 1733 मध्ये जॉन पीटर झेंगर या जर्मन वंशाच्या मुद्रकाकडून ‘न्यूयॉर्क वीकली जर्नल’ सुरू करवले होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर शहराच्या निवडणुकीत याच गटाची सरशी झाली, तेव्हा त्या विजयाच्या आनंदात दोन गाणी छापून वाटली गेली. त्यांत कोणाचे नाव घेतलेले नव्हते. मात्र टोला कोणाला आहे हे कळायला कोणालाही वेळ लागत नव्हता. मुख्य न्यायाधीश जेम्स डिलान्सी यांनी ती गाणी ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे ठेवली. ज्युरीने ती बदनामीकारक ठरवली, लेखक कोण ते मात्र आपल्याला शोधता आले नाही असे सांगितले. मग न्यायालयाने ती जल्लादाच्या हातून जाहीरपणे जाळण्याचा हुकूम दिला.

म्हणजे पद्य असल्यामुळे किंवा नाव न घेतल्यामुळे मजकूर वाचला नाही, तो जळालाच. वाचला तो लेखक, आणि तोही काव्यप्रकाराच्या कृपेने नव्हे, तर निनावीपणामुळे आणि तोंड न उघडणाऱ्या शहरवासीयांमुळे. त्यानंतर थोड्याच दिवसांत वृत्तपत्राचे चार अंक जाळण्याचा हुकूम निघाला, तेव्हा नगराच्या कारभाऱ्यांनी त्या कामात हात घालण्यास नकार दिला आणि अखेर शेरीफला स्वतःच्या गुलामाकडून ते अंक जाळून घ्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये झेंगरला अटक झाली. पुढे ऑगस्ट 1735 मध्ये फिलाडेल्फियाचे वकील अँड्र्यू हॅमिल्टन यांच्या युक्तिवादानंतर ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. तोपर्यंत तो जवळजवळ नऊ महिने तुरुंगात होता आणि वृत्तपत्र त्याची पत्नी ॲना चालवत होती.

या प्रकरणातून माझ्या मते एवढे दिसते की मुद्रकाला खरा आधार होता तो ज्युरीवर बसणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. सरकारी नावांतील अक्षरे गाळून तिथे आडव्या रेघा छापण्याची पद्धतही तशीच फसवी होती. पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून मधे रेघ ओढली की न्यायालय गप्प बसेल, या भरवशावर कोणी शहाणा मुद्रक राहिला असेल असे वाटत नाही. त्या रेघांचा खरा उपयोग वाचकाला होता, कारण गाळलेले नाव स्वतःच भरून काढण्यात त्याला गंमत वाटे आणि तो आपोआप कटात सामील होई.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगतो. लंडनच्या बातम्या जहाजाने यायला महिना-दोन महिने लागत आणि हिवाळ्यात तर जहाजेही कमी येत. अशा वेळी चार पाने भरायची कशाने, ही मुद्रकाची कायमची विवंचना होती. वाचकांनी पाठवलेल्या कवितेला मोबदला द्यावा लागत नसे आणि दुसऱ्या वसाहतीच्या वृत्तपत्रातील कविता उचलून छापण्यास कोणाची हरकत नसे. आयझाया थॉमसच्या ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’मध्ये तर कवितांसाठी शेवटच्या पानावर ‘कवींचा कोपरा’ असे सदरच होते. त्यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. अंक एक जण घेई आणि तो मद्यगृहात किंवा कॉफीगृहात दहा जणांना वाचून दाखवला जाई. अशा मोठ्याने होणाऱ्या वाचनाला संवाद फार सोयीचा होता.

रंगपीठ :

मोठ्याने वाचण्याचा मुद्दा निघालाच आहे, तर मर्सी ओटिस वॉरन यांचा उल्लेख करायलाच हवा. माझ्या मते या संपूर्ण प्रकारातील सर्वांत धारदार लेखन त्यांचेच आहे.

बोस्टन ज्या वसाहतीत होते, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1750 च्या कायद्याने नाट्यप्रयोगांवर बंदी होती. प्युरिटन वळणाच्या समाजाला रंगभूमी म्हणजे अनीतीचा अड्डा वाटे. तरीही 1772 मध्ये ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ने वॉरन यांच्या ‘द ॲड्युलेटर’ या नाटकातील प्रवेश निनावी छापले. ते यमकाशिवायच्या, पण वृत्तबद्ध पद्यात आहेत. घटना ‘अप्पर सर्व्हिया’ नावाच्या देशात घडतात आणि पात्रांची नावे रोमन थाटाची आहेत. तिथला जुलमी सत्ताधारी रॅपेशिओ म्हणजे प्रत्यक्षातील गव्हर्नर टॉमस हचिन्सन आणि स्वातंत्र्यप्रेमी ब्रूटस म्हणजे लेखिकेचे बंधू जेम्स ओटिस, हे वाचणाऱ्याला पहिल्या काही ओळींतच उमगत असे. या जेम्स ओटिस यांना 1769 मध्ये बोस्टनमधील एका कॉफीगृहात जकात आयुक्त जॉन रॉबिन्सन यांच्याशी झालेल्या हाणामारीत डोक्याला गंभीर इजा झाली होती. लेखिकेच्या शब्दांतील धग कुठून आली, ते वेगळे सांगायला नको. जिथे रंगमंच उभारता येत नव्हता, तिथे वृत्तपत्राचे पानच रंगमंच झाले.

मात्र मूळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या संवादांतील बोलण्याचे तंत्र. रॅपेशिओवर बाहेरून कोणी आरोप करत बसत नाही. तो आपल्या विश्वासातील माणसांजवळ मन मोकळे करतो आणि स्वतःची महत्त्वाकांक्षा, सूडबुद्धी, जनतेविषयीचा तिरस्कार असे सगळे स्वतःच्याच तोंडाने बोलून जातो. लेखात हेच लिहायचे तर पुरावे द्यावे लागले असते आणि विरोधकांनी ते खोडूनही काढले असते. कबुलीजबाबाला मात्र प्रत्युत्तर देता येत नाही. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, म्हणजे 1773 मध्ये, हचिन्सन यांची इंग्लंडला पाठवलेली खासगी पत्रे बोस्टनमध्ये छापली गेली, तेव्हा आपण कल्पिलेला कबुलीजबाब खराच सापडला अशी त्यांच्या विरोधकांची खात्री पटली. ती पत्रे शांतपणे वाचली तर तितकी भयंकर वाटत नाहीत, हा भाग निराळा.

1775 च्या आरंभी वृत्तपत्रात आलेल्या ‘द ग्रूप’मध्ये वॉरन यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. ब्रिटिश संसदेने मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून तिथल्या सल्लागार मंडळावर राजाने नेमलेले सदस्य बसवले होते. या नाटकातील पात्रे म्हणजे ती मंडळी. त्यांची नावेच ‘हेट-ऑल’, ‘सिंपल सॅपलिंग’ अशी आहेत. त्यांच्यामागून दरबारी खुशामतखोरांचा थवा टोळांच्या रूपात रंगमंचावर घिरट्या घालत येतो, अशी रंगसूचना आहे आणि त्या टोळधाडीचा म्होरक्या आहे ‘मॅसॅच्युसेटेन्सिस’. हे नाव लेखिकेने बनवलेले नाही. त्याच आठवड्यांत बोस्टनच्या राजनिष्ठ वृत्तपत्रात या टोपणनावाने ब्रिटिश धोरणाचे समर्थन करणारे लेख प्रसिद्ध होत होते. त्या लेखकाला तिथल्या तिथे उचलून नाटकात टाकणे हे वृत्तपत्रातच शक्य होते. एवढी ताजी खोडी पुस्तकाला जमली नसती.

जुनीपाने :

दोघांचेही आभार. एक शंका उरते. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात दोन फड खरोखरच समोरासमोर उभे असतात आणि सवालाला जवाब दुसऱ्याच डोक्यातून येतो. या अमेरिकन संवादांत तसे काही होते की दोन्ही बाजू एकाच लेखणीतून उतरत?

दवातदौत :

संवाद म्हणून छापलेल्या मजकुरात दोन्ही आवाज जवळजवळ नेहमी एकाच हाताचे असतात, आणि म्हणूनच चांगली वाक्ये कोणाच्या वाट्याला आली आहेत, हे पाहिले की लेखकाचा पक्ष कळतो. 1774 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेली एक पद्यपुस्तिका या दृष्टीने फार बोलकी आहे. ती वृत्तपत्रातील नाही, पण प्रकार तोच आहे. पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसहून, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या परिषदेहून घरी परतलेला दक्षिणेकडील एक प्रतिनिधी आणि त्याची पत्नी यांच्यातील हे भांडण ‘मेरी व्ही. व्ही.’ या टोपणनावाने छापले होते आणि अमेरिकेतील विवाहित स्त्रियांना अर्पण केले होते. पती तिला सांगतो की तू घरचे पाहा, मुलांना वाचायला शिकव आणि राजकारणात डोके घालू नकोस. त्यावर ती विचारते की पुरुष म्हणून जन्मले म्हणून सगळेच का मुत्सद्दी होतात? प्रतिनिधींऐवजी त्यांच्या बायकांना पाठवले असते तर एवढा घोळ नक्कीच झाला नसता, असेही ती त्याला ऐकवते.

आजच्या वाचकाला ती ठसकेबाज बाई आवडते आणि इथेच त्याची फसगत होण्याचा संभव आहे. ही पुस्तिका राजनिष्ठ पक्षाच्या बाजूची आहे. काँग्रेसने इंग्लंडच्या मालावर बहिष्काराचा ठराव केला होता. तो किती अविचारी आहे हे ‘घरात बसणाऱ्या बाईलासुद्धा कळते’ असे दाखवून प्रतिनिधींना लाजवणे हा पुस्तिकेचा हेतू आहे. पत्नीला बुद्धी बहाल केली आहे ती पतीला मूर्ख ठरवण्यासाठी. ‘मेरी व्ही. व्ही.’ या नावामागे खरोखर स्त्री होती की पुरुष, याने त्या युक्तीत काही फरक पडत नाही.

आपण म्हणता तसा समोरासमोरचा सामना पाहायचा असेल तर तो संवादांत न शोधता गाण्यांत शोधावा. जॉन डिकिन्सन यांचे ‘लिबर्टी साँग’ जुलै 1768 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर प्रसिद्ध झाले. सप्टेंबरमध्ये राजनिष्ठांच्या बाजूने त्याचे विडंबन आले आणि त्यात स्वातंत्र्यवाद्यांची संभावना गुंडांचा जमाव अशी केली होती. काही दिवसांतच त्या विडंबनाचेही विडंबन झाले. चाल तीच, वृत्त तेच. फक्त शब्द आलटून पालटून शत्रूच्या अंगावर सोडलेले. विशेष म्हणजे राजनिष्ठांचे ते विडंबन ‘बोस्टन गॅझेट’ने, म्हणजे विरुद्ध पक्षाच्याच वृत्तपत्राने छापले होते. आपल्या वाचकाला आधी चिडवावे आणि मग उत्तर द्यावे, हा त्यामागचा हिशेब असावा असे मला वाटते.

खिळेजुळारी :

एका हाताने दोन्ही बाजू लिहिण्याच्या मुद्द्याला जोडून एक पुढची पायरी सांगतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात खुद्द मुद्रकच पात्र झाला. न्यूयॉर्कचे राजनिष्ठ मुद्रक जेम्स रिव्हिंग्टन यांच्या छापखान्यावर नोव्हेंबर 1775 मध्ये स्वातंत्र्यवादी आयझॅक सीअर्सच्या माणसांनी हल्ला करून छपाईचे खिळे पळवून नेले. रिव्हिंग्टन इंग्लंडला गेले आणि 1777 मध्ये राजाचे मुद्रक म्हणून परत आले. स्वातंत्र्यवादी कवी फिलिप फ्रेनो यांनी 1782 च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या ‘फ्रीमन्स जर्नल’मध्ये त्यांच्यावर कवितांची मालिकाच चालवली. त्यांत रिव्हिंग्टन स्वतःच बोलतात, मृत्युपत्र करतात, आपल्या खोटेपणाची यादी वाचतात. रंगपीठ यांनी सांगितलेले कबुलीजबाबाचे तंत्र इथे जसेच्या तसे दिसते. फरक एवढाच की झेंगरच्या काळात मुद्रकाला गव्हर्नर छळत होता आणि इथे पहिला घाव जमावाने घातला होता. फ्रेनो यांनी त्याबद्दल सहानुभूतीचा एक शब्दही खर्च केला नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना झेंगरचे नाव सगळे घेतात, तेव्हा रिव्हिंग्टनचे प्रकरणही शेजारी ठेवून वाचावे असे सुचवतो.