मदत हवी आहे: भावाच्या आजारावरून सोसायटीत त्रास

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं नियमित चालू आहेत. जिन्यात येरझाऱ्या घालतो, स्वतःशी पुटपुटतो, पण आजवर कुणावर हात उगारलेला नाही. उलट मार त्यानेच खाल्लाय. मागे नाक्यावरच्या पोरांनी चोर समजून बडवलं होतं.

गेल्या महिन्यात टीव्हीवर कुठल्याशा खुनाची बातमी आली, खाली ‘माथेफिरूचे कृत्य’ अशी पट्टी फिरत होती. तेव्हापासून तो लिफ्टमध्ये शिरला की बायका मुलांना मागे ओढतात. आता सेक्रेटरी तोंडी सांगून गेलेत, "याला कुठेतरी ठेवा, नाहीतर घर सोडा." फ्लॅट आईच्या नावावर आहे. (दारू पिऊन बायकोला मारणारा गृहस्थ खालच्याच मजल्यावर राहतो, त्याची मात्र कुणाला भीती वाटत नाही.)

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १९ मध्ये समाजात राहण्याचा हक्क दिलाय, हे मी वाचलंय. पण कमिटीपुढे ते मांडायचं कसं? लेखी नोटीस आलीच तर आधी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे? कुणी आपल्या डॉक्टरांना सोसायटीच्या मीटिंगला नेलंय का? लोक ऐकून घेतात, की भावाचं सगळं चव्हाट्यावर येतं?

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलून आईला जरा धीर आला, पण ती अजूनही दाराला आतून कुलूप लावून बसते. ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा. बाबा-बुवांचे पत्ते नकोत, ते नातेवाइकांनी भरपूर दिलेत.