वेळ नेहमी यूटीसीमध्येच साठवावी का?

धागाकर्ता:
डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीमध्येच (जगभर समान असलेल्या प्रमाण वेळेत) साठवावी आणि स्थानिक वेळेत रूपांतर फक्त पडद्यावर दाखवताना करावे, या नियमाला अपवाद नसावा असे माझे मत आहे. उन्हाळ्यात तासभर पुढे ठेवलेली घड्याळे मागे घेतात, म्हणजे उन्हाळी वेळ संपते, त्या रात्री बर्लिनमध्ये ०२:३० दोनदा वाजतात. नुसती स्थानिक वेळ साठवली असेल, तर त्या नोंदींचा क्रम लावता येत नाही आणि दोन घटनांमधले अंतर तासाभराने चुकू शकते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेळेसाठी 'टाइमस्टॅम्पटीझेड' हा कॉलमचा प्रकार वापरावा. पायथॉन भाषेत 'यूटीसीनाउ' टाळून 'डेटटाइम.नाउ(टाइमझोन.यूटीसी)' लिहावे, कारण पहिले फंक्शन टाइमझोनविना वेळ परत करते आणि ३.१२ आवृत्तीपासून ते कालबाह्य ठरवले आहे.

पहिला प्रतिसाद:
घडून गेलेल्या घटनांपुरते, म्हणजे लॉग, व्यवहार आणि लॉगिनच्या नोंदींपुरते, हे मान्य आहे. भविष्यातील भेटींना मात्र हा नियम लावता येत नाही. तुर्कस्तानने सप्टेंबर २०१६ मध्ये घड्याळे कायम यूटीसीच्या तीन तास पुढे ठेवण्याचे ठरवले. त्याच उन्हाळ्यात कोणी नोव्हेंबरमधली इस्तंबूलची सकाळी दहाची बैठक नोंदवली असेल, तर जुन्या नियमाप्रमाणे (हिवाळ्यात यूटीसीच्या दोन तास पुढे) ती ०८:०० यूटीसी अशी साठवली गेली आणि निर्णयानंतर तीच नोंद अकरा वाजता दिसू लागली. माणसांनी ठरवले होते 'दहा वाजता'. यूटीसीचा आकडा हा त्यावरून केलेला अंदाज होता.

धागाकर्ता:
असे बदल क्वचित होतात. एवढ्यासाठी सगळी रचना गुंतागुंतीची करण्यापेक्षा, नियम बदलल्यावर त्या देशातील पुढच्या नोंदी एकदा दुरुस्त करणारी स्क्रिप्ट चालवणे स्वस्त पडते.

पहिला प्रतिसाद:
ती स्क्रिप्ट कशाच्या आधारे चालणार? 'टाइमस्टॅम्पटीझेड' नावावरून वाटते तसे टाइमझोन जपत नाही. वेळ यूटीसीत बदलून मूळ टाइमझोन टाकून देते. शिवाय सर्व्हरवरचे टाइमझोनचे नियम अद्ययावत होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी हुबेहूब सारख्या दिसतात. सरसकट एक तास वजा केला, तर बरोबर असलेल्या नोंदीच बिघडतील.

दुसरा प्रतिसाद:
वाद 'हे की ते' असा मांडण्याची गरज नाही. भविष्यातील घटनेसाठी वापरकर्त्याने दिलेली स्थानिक वेळ आणि 'युरोप/इस्तंबूल' असे टाइमझोनचे नाव साठवावे, आणि शोध व क्रमवारी यांसाठी त्यावरून काढलेली यूटीसी वेळ वेगळ्या कॉलममध्ये ठेवावी. नावाऐवजी '+०२:००' साठवणे ही नेहमीची पळवाट आहे, पण तो यूटीसीपासूनचा त्या क्षणाचा फरक झाला, त्यात पुढचे नियम नसतात. जन्मतारखेला तर यातले काहीच नको. तिथे नुसती तारीख ठेवावी, नाहीतर रूपांतरात ती एक दिवस मागे सरकते.

धागाकर्ता:
कॅलेंडरपुरते तीन कॉलम मी स्वीकारेन, इतरत्र नाही. पण मग तिसरा कॉलम ताजा ठेवण्याची जबाबदारीही नेमून द्यावी लागेल. टाइमझोनच्या नियमांची प्रत ब्राउझरकडे वेगळी असते, जावा भाषेतले प्रोग्राम चालवणाऱ्या रनटाइमकडे वेगळी आणि डेटाबेसकडेही वेगळी असू शकते, आणि या प्रती एकाच दिवशी अद्ययावत होत नाहीत. कोणती प्रत प्रमाण मानायची हे आधी ठरवले नाही, तर तीच बैठक दोन पडद्यांवर दोन वेगळ्या वेळा दाखवेल.