गाईची रेतन गन माकडात काहून चालत नाही?

गवळाऊवाला, आर्वी (जि. वर्धा)
गाईत आपलं काम सरळ आहे. ०.२५ मिलीची गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद, डावा हात गुदद्वारातून, गर्भाशयाचं मुख मुठीत, गन पुढं. संशोधनासाठी ऱ्हिसस माकडात गर्भ बाहेर तयार करतात, पण आत सोडायला पोटाला छिद्र पाडतात. खालून काहून जमत नाही? अन् सुपरओव्हुलेशनचा (एका वेळी जास्त बीजं पिकवायचा) डोस किती?

ग्रीवा (उत्तर देणारे सदस्य)
मादी पाच-आठ किलोची. हात घालायला जागाच नाही, मग मुख धरून सरळ कसं करणार? त्यातही ऱ्हिससची ग्रीवा (गर्भाशयाचं मुख) वाकडी: आत मांसल उंचवटे, मार्ग नागमोडी. सळई रेटली की अस्तर फाटतं, रक्त येतं. म्हणून बीजं लॅपरोस्कोपखाली (छिद्रातून पोटात बघायची नळी) सुईनं ओढतात अन् गर्भ बारीक कॅथेटरनं बीजवाहिनीत सोडतात.

पुटक (दुसरे सदस्य)
डोस सांगतो. माज नाही, पाळी आहे, साधारण २८ दिवसांची. पाळीच्या सुरुवातीपासून मानवी रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) एफएसएच, म्हणजे पुटकं (बीजाच्या पिशव्या) वाढवणारं हार्मोन, ३० आययू (मात्रेचं एकक) सकाळ-संध्याकाळ, आठेक दिवस. शेवटच्या दोन दिवसांत तेवढंच एलएच (बीज पिकवून सोडणारं हार्मोन). सोबत जीएनआरएच अँटॅगोनिस्ट (एलएचला मेंदूकडून येणारा इशारा अडवणारं औषध), नाही तर मादीचं स्वतःचं एलएच उसळून बीजं आधीच सुटतात. मग एचसीजी (एलएचसारखंच काम करणारं हार्मोन) १००० आययू अन् ३६ तासांच्या आसपास सुई. उशीर झाला की पुटकं रिकामी.
एक खोच आहे. हार्मोन माणसाचं, म्हणून अंगात प्रतिपिंडं तयार होतात. त्याच मादीला पुन्हा पुन्हा दिलं की डोस तोच, पण बीजकोश ढिम्म.
वीर्य विद्युत उद्दीपनानं घेतात. त्याचा बराच भाग रबरासारखा गोठतो, द्रव तेवढाच वापरायचा. धुतलेले शुक्राणू पळतात, पण बीजाच्या आवरणात शिरत नाहीत. कॅफीन अन् डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी (पेशीला चालना देणारं रसायन), प्रत्येकी १ मिलिमोलर, घातलं की शेपटी चाबकासारखी हलू लागते. इक्सी (शुक्राणू सुईनं थेट बीजात घालणं) करणार असाल तर ही पायरी गाळा.

गवळाऊवाला
धन्यवाद सर. दाई मादी (गर्भ पोटात वाढवणारी) कधी तयार आहे, हे कसं ओळखायचं? ना बळस (माजाचा चिकट स्राव), ना हंबरणं.

ग्रीवा
रक्तातून. पाळीच्या आठव्या दिवसापासून रोज इस्ट्रॅडिऑल (बीजकोशाचं हार्मोन) मोजायचं. ते शिखराला जाऊन धाडकन उतरलं की बीज सुटायची वेळ. तिथून दिवस धरून गर्भाच्या वयाशी जुळवायचे.
ऱ्हिसस हंगामी आहे, उन्हाळ्यात बहुतेक माद्यांत बीजच सुटत नाही. सायनोमोल्गस या दुसऱ्या जातीच्या माकडाला हंगाम नाही, म्हणून तिकडं ओढा जास्त. शांघायच्या झोंग झोंग अन् हुआ हुआ या क्लोन पिल्लांचा निकाल २०१८ मध्ये छापून आला, तीही सायनोमोल्गसच: ७९ गर्भ, २१ दाई माद्या, ६ गाभण, २ पिल्लं. क्लोनिंग म्हणून आकडे इतके वाईट, साध्या आयव्हीएफला (बीज अन् शुक्राणू बाहेर जुळवणं) ते लावू नका. पण क्लोनिंगला माद्यांचा कळप मोठा लागतो तो यासाठीच.

पुटक
अन् गावातलं लाल तोंडाचं माकड धरून हे करता येत नाही, हेही सांगून ठेवतो. माकडावरच्या प्रयोगाला केंद्राच्या समितीची परवानगी लागते.