तळहाताच्या घामानं पट्टी भिजते, काय करू?

हळकुंड, सांगली
मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, वय 34. शाळेपासून तळहात-तळपायाला घाम. बोर्डाच्या परीक्षेत मनगटाखाली टीपकागद घेऊन बसायचो. आता नमुन्याचं हळकुंड मोडून बघितलं की हात पिवळाजर्द, आणि त्याच हातानं शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, लिहायची. परवा तासगावकडचे एक पाहुणे पट्टीवरचा माझा पंजा बघून म्हणाले, "दिवाणजी, हळद कुणाची लागली?" सगळे हसले, मीपण हसलो. पण तिनाचा आठ दिसत होता, शेठनी पट्टी परत लिहायला लावली. थंडीतही तेच. झोपेत मात्र हात कोरडे असतात, असं बायको म्हणते. आई म्हणते उष्णता. सब्जा पिऊन कंटाळलोय.

कृष्णाकाठ, कराड
दादा, सब्जा आवडत असेल तर प्या, पण याच्याशी त्याचा संबंध नाही. घामाच्या ग्रंथी ठीक असतात, त्यांना हुकूम देणाऱ्या नसाच फार उतावळ्या. लहानपणापासून, दोन्ही हातांना, झोपेत बंद, ही त्याचीच खूण. घरात आणखी कुणाला आहे का? बऱ्याचदा असतं.
मी काखेसाठी 20 टक्के अॅल्युमिनियम क्लोराइड वापरते. रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. पहिल्या दिवशी आंघोळ करून ओल्या अंगाला लावलं, अशी आग झाली की रात्रभर पंख्याखाली हात वर करून बसले! कातडी खडखडीत कोरडी हवी. तळहाताची कातडी जाड, तिथं गुण कमी येतो.

अजिंक्यतारा
तळहाताला मला आयनटोफोरेसिसनं फरक पडला. ट्रेमध्ये साधं नळाचं पाणी, त्यात हात, बारीक करंट. मुंग्या येतात, बाकी काही नाही. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, वीसेक मिनिटं. आता आठवड्यातून एकदा पुरतं. सोडलं की घाम परत हजर. पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल तर करत नाहीत.
ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्याही घेतल्या. हात कोरडे, पण तोंडही कोरडं, भाकरीचा घास फिरेना. उन्हात काम असेल तर जपून, घामच आला नाही तर अंग तापतं. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा गुण काही महिने टिकतो, पण तळहातात सुया फार दुखतात आणि काही दिवस पकड सैल होऊ शकते. लिहिणाऱ्या माणसानं विचार करून घ्यावं. नस कापायच्या ऑपरेशनची घाई नको, नंतर पाठीला-पोटाला घाम फुटतो बऱ्याच जणांना.

मिरजकर ताई
तुमचं तसं दिसत नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. घाम अचानक सुरू झाला, रात्री अंथरूण भिजतं, वजन उतरतंय, तर आधी डॉक्टर गाठा. आमच्या मामांचा टीबी असाच सापडला. थायरॉईड, साखर कमी होणं, चालू औषधं, हेही तपासावं लागतं.

हळकुंड, सांगली
शनिवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जातोय. कृष्णाकाठ ताई, तुम्ही विचारलंत म्हणून काल वडिलांशी बोललो. ते म्हणाले, "अरे, मी सायकलच्या मुठीला धोतराची चिंधी कशाला गुंडाळायचो मग?" आम्हाला वाटायचं, मुठी खराब होऊ नयेत म्हणून.