मदत हवी आहे : आईच्या मेंदूतला अ‍ॅन्युरिझम, स्टेंट लावून कॉइलिंग आणि पॅरालिसिसचा धोका

नमस्कार मंडळी,

आई 61 वर्षांची, साताऱ्याजवळ गावी असते. बीपी आहे, मिश्रीची सवय जुनी (डॉक्टरांनी आता बंद करायला लावली). चक्कर येते म्हणून एमआरआय केला, तर मेंदूच्या धमनीवर 8 मिमीचा फुगा (अ‍ॅन्युरिझम) निघाला. पुण्यात डीएसए (धमनीत रंगद्रव्य सोडून काढतात तो एक्स-रे) झाली. फुगा पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनीच्या तोंडाशी आहे, फुटलेला नाही, पण त्याची मान (धमनीला जोडलेला भाग) रुंद आहे. नुसत्या कॉइल (फुगा आतून भरायची बारीक तारेची वेटोळी) आत टिकणार नाहीत, म्हणून स्टेंटच्या आधाराने कॉइलिंग करू म्हणतात.

उपचार करायचाच, हे घरात ठरलंय. 2003 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या जागेच्या आणि मेंदूच्या मागच्या धमन्यांवरच्या 7 ते 12 मिमीच्या फुग्यांचा पाच वर्षांत फुटण्याचा धोका 14.5 टक्के निघाला होता. आईचं बीपी बघता नुसती वाट पाहायची माझी तयारी नाही.

पण नातेवाईक म्हणतात तसं हे 'छोटंसं ऑपरेशन' नाही. कवटी उघडत नाहीत, जांघेतून नळी घालतात, हे खरं. तरी तार, कॉइल आणि स्टेंट मेंदूच्या धमनीतच जातात, त्यावर गुठळी धरली आणि पुढे सरकली की पॅरालिसिस. 2019 मध्ये जामा न्यूरॉलॉजीत आलेल्या एकत्रित आढाव्यात, न फुटलेल्या फुग्यांवर नळीतून केलेल्या उपचारांत 30 दिवसांच्या आत गुंतागुंत होण्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के होतं, मृत्यू 0.3 टक्के. फुटण्याचा धोका वर्षांवर पसरलेला आहे, हा मात्र बराचसा एका सकाळीच पत्करायचा. तो कमी करण्यासाठी आपल्या हातात काय आहे, एवढंच मला समजून घ्यायचंय.

सगळ्यात जास्त काळजी गोळ्यांची आहे. स्टेंटवर गुठळी धरू नये म्हणून काही दिवस आधी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू करणार. काही जणांच्या शरीरात जनुकामुळे क्लोपिडोग्रेल नीट लागू पडत नाही आणि आपल्याकडे असे लोक कमी नाहीत. गोळीचा परिणाम तपासणारी प्लेटलेटची रक्तचाचणी करणार का, असं विचारलं तर "सगळ्यांना हेच देतो" एवढंच उत्तर मिळालं. तुमच्याकडे ही चाचणी झाली होती का? गोळी लागू पडत नाही म्हणून टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल दिलं का? त्यात आई अ‍ॅसिडिटीसाठी रोज ओमेप्रॅझोल घेते, त्यानेही क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. पँटोप्रॅझोल चालेल का, हे डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणाचा बदल झाला असेल तर सांगा.

दुसरं, आईच्या दोन दाढा काढायच्या आहेत. स्टेंटनंतर या गोळ्या कित्येक महिने मधेच थांबवता येत नाहीत. कुणी दातांचं काम आधी उरकून घेतलं होतं का?

डिस्चार्जनंतर किती दिवस शहरातच राहिलात? गावाजवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं. निदान महिनाभर आईला माझ्याकडे पुण्यात ठेवावं असं मला वाटतं. तिला मात्र गुरांची चिंता आहे.

ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी बरेवाईट दोन्ही अनुभव लिहा. कुणी न्यूरोवाले डॉक्टर असतील तर आणखी काय विचारायचं तेही सांगा. पुढच्या आठवड्यात भेटीची वेळ आहे.