फोंडा-कुंडई भागात ५ महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर बघू की घरी बाई ठेवू? सल्ला हवा

ढवळीची_आई
नमस्कार. मुलगी परवाच पाच महिन्यांची झाली, २६ आठवड्यांच्या रजेतले दोन आठवडे बाळंतपणाआधीच गेले त्यामुळे आता जेमतेम पंधरा दिवस उरलेत, मग कुंडईला कंपनीत रुजू व्हायचंय. नवरा वेर्ण्याला शिफ्टमध्ये. सासूबाई वाळपईला, सासऱ्यांचं आजारपण असल्याने त्यांना तिथून हलता येत नाही. पाळणाघर, घरी बाई, नाहीतर बाळाला सावंतवाडीला माझ्या आईकडे ठेवून शनिवार-रविवार जायचं, एवढेच पर्याय दिसतायत. तिसऱ्याचा नुसता विचार आला तरी गळा दाटतो. दूध अजून अंगावरचंच पिते, वरचं काही सुरू नाही. कोणी या वयाचं बाळ ठेवलंय का?

अबोली_म्हार्दोळ
अगो आधी एक सांग, तुमच्या कंपनीत ५० किंवा जास्त माणसं आहेत का? असतील तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणं त्यांना बंधनकारक आहे, स्वतःची नाहीतर इतरांबरोबर सामाईक, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं, जेवणाची सुट्टी त्यातच धरून. एचआरला मेल कर, तोंडी विचारू नको, तोंडी विचारलं की "बघूया" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. घरून करण्यासारखं काम असेल तर रजेनंतर काही दिवस तशी सवलत दोघांच्या संमतीने देता येते, तेही त्याच मेलमध्ये घाल.

मडकई_नाका
माझा मुलगा सात महिन्यांचा असताना पाळणाघरात ठेवला. पहिली जागा रंगीत भिंती, खेळणी, सगळं छान, आम्ही सकाळी दहाला बघायला गेलो होतो ना, तेव्हा छानच दिसणार. तिसऱ्या आठवड्यात मी ऑफिसमधून लवकर सुटून न कळवता दुपारी गेले तर मूल ओल्या डायपरमध्ये, मांड्या लाल झालेल्या, अकरा मुलांना एकच बाई आणि समोर टीव्ही. त्याच दिवशी काढला. त्या बाईंचा राग नाही, एकटं माणूस अकरा जणांना कसं बघणार.

म्हणून तू जाशील ती दुपारी साडेबारा ते दोनमध्ये जा, भरवायची आणि झोपवायची वेळ असते, तेव्हा खरं काय ते दिसतं. तान्ह्या मुलांकडे वेगळी बाई आहे का, ती किती महिन्यांपासून तिथे आहे, ताप आला तर किती वेळात फोन करतात हे विचार. पावसात वाटेत गाडी अडकून तुला उशीर झाला तर बाळापाशी कोण थांबणार हेही, फक्त जादा पैसे किती तेवढंच विचारू नको. नंतर आम्हाला एक निवृत्त बालवाडी शिक्षिका मिळाल्या, घरातच चारच मुलं सांभाळायच्या. बोर्ड नाही, जाहिरात नाही, वाड्यावरच्या दुकानदाराने सांगितलं. तूही ढवळीत तसंच विचार.

सत्तरीकर
अंगणवाडीत का नाही ठेवत? फुकट आहे.

अबोली_म्हार्दोळ
@सत्तरीकर अंगणवाडीत बसवतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही सकाळचे काही तास. त्याहून लहान मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळत नाहीत. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात, तशी सोय जवळ आहे का हे तालुक्याच्या बालविकास कार्यालयात विचारता येईल. पण @ढवळीची_आई तू नाव मात्र नक्की घाल, तिथे बाळाचं वजन नियमित बघतात.

कुर्टी_२०१९
आमच्याकडे घरी बाई होती, दोन वर्षं. बाळ आपल्याच पाळण्यात झोपतं, दुसऱ्यांची सर्दी घेऊन येत नाही, हे सुख मोठं आहे. पण चवथीला आणि मे महिन्यात ती कारवारला जायची, तेव्हा आमची सगळी रजा तिथेच संपायची, म्हणून ते दिवस पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. पोलीस व्हेरिफिकेशन करा, आणि रुजू व्हायच्या आधी निदान आठवडाभर तुम्ही घरात असताना तिला बाळाचं सगळं करू द्या. गावाकडची बारा-तेरा वर्षांची पोरगी ठेवा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, १४ खालच्या मुलाला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि ती स्वतःच मूल आहे हो.

दोन_मुलांचा_बाबा_पेडणे
माझी आई पेडण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. बाळ रांगायला लागलं तशी तिची कंबर गेली. ती कधी बोलली नाही, मला गोळ्यांच्या पाकिटावरून कळलं, अजून त्याचं वाईट वाटतं. मग उचलायला-धुवायला बाई आणि लक्ष ठेवायला आजी असं केलं, ते टिकलं. तुमच्या आईला सावंतवाडीहून पहिले दोन महिने इथे बोलावता येईल का?

मडकई_नाका
दुधाचं राहिलं. काढलेलं दूध बाहेर २५ डिग्रीपर्यंत चार तास चालतं, आपल्याकडे तेवढा गारवा नसतोच त्यामुळे काढलं की सरळ फ्रीजमध्ये, तिथे चार दिवस राहतं. नेताना बर्फाच्या डब्यातून. गरम पाण्यात बाटली धरून कोमट करायला सांग, मायक्रोवेव्ह नको, आणि वाटी-चमच्याने प्यायची सवय आजपासूनच लाव, माझ्या मुलाने पहिले दोन दिवस बाटलीला तोंडच लावलं नव्हतं.

ढवळीची_आई
रात्री सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. कंपनीत शंभरच्या वर माणसं आहोत, मेल सकाळीच केला, उत्तर यायचंय. आईला फोन केला तर ती म्हणाली मी कधीची वाट बघतेय तू विचारशील म्हणून. रविवारी येतेय, दोन महिने राहील, तेवढ्यात बाई शोधून तिच्या देखत सवय करून घेऊ. @मडकई_नाका आज वाटी-चमच्याने पाजून बघितलं, अर्धं सांडलं, अर्धं प्यायली. सगळ्यांना देव बरें करूं. ढवळी-कवळे भागातली कोणी विश्वासू बाई माहीत असेल तर मेसेज करा प्लीज.